दोन नंबरची जर्सी

६ सप्टेंबर, शनिवार

५२–६. आकडा लिहिताना हात जड होतो. बावन्न!

दादाला पंचावन्नाव्या मिनिटाला बाहेर काढलं. आठ वर्षं देशाच्या रग्बी संघात दोन नंबरला खेळतोय. दोन नंबर म्हणजे स्क्रममध्ये – दोन्ही संघ खांदे भिडवून एकमेकांना रेटतात तेव्हा – पहिल्या रांगेत मधोमध, दोन्ही हात शेजाऱ्यांच्या गळ्यात आणि सगळा भार मानेवर. कॅमेऱ्याने त्याला बाकावर तीनदा दाखवलं. डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेला. बाबांनी टीव्ही बंद केला. "बास, बघवत नाही." दोन मिनिटांनी स्वतःच लावला.

८ सप्टेंबर, सोमवार

प्रशिक्षकाला हाकललं. पेपरात मथळा – "संघाची नव्याने बांधणी".

"बांधणी कसली रे," आमच्या शिवणाच्या कारखान्यातले कटिंग मास्तर म्हणाले, "उसवायला घेतलंय म्हण!" सगळा कारखाना हसला. मीही हसलो. मग स्वतःचीच चीड आली.

खाली बारीक अक्षरात होतं – तिशी ओलांडलेल्या खेळाडूंचा फेरविचार होणार. दादा बत्तीसचा. ते पान मी मुद्दाम घरी नेलं नाही. बाबांनी शेजाऱ्यांकडून मागून आणलं!

२९ सप्टेंबर, सोमवार

नव्या प्रशिक्षकाचं शिबिर सुरू आहे. काल एका दिवसापुरता दादा घरी आला. ताटात निम्मंच वाढून घेतो. गालफडं बसली आहेत. वहिनी म्हणाली, काळजीने खंगलाय. मलाही तसंच वाटतं. बाबांचं एकच पालुपद – "खा! पोरंटोरं ढकलून देतील तुला."

यंदा जर्सीची मापं शिबिरातच घेतली. दरवर्षी कटिंग मास्तर आणि मी जायचो. नवा गडी, नवं राज्य.

११ ऑक्टोबर, शनिवार

शिबिर संपलं. संघ गुरुवारी जाहीर होणार. घरात कोणी त्याबद्दल बोलत नाही. दिवसभर तेवढंच ऐकू येतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज कागद आला.

हे एकदा नीट लिहून ठेवतो. देशाच्या जर्सी आमच्याकडे शिवतात. संघ जाहीर व्हायच्या दोन दिवस आधी मापांचा कागद येतो. त्यावर नावं नसतात, कारण पूर्वी एकदा नावं फुटली होती. फक्त नंबर आणि छातीचं माप. पण नावं हवीत कशाला? चार वर्षं मी हीट प्रेसवर नंबर बसवतोय. तीन नंबर बावन्न इंच – डोंगर. नऊ नंबर अडतीस – बुटका. दोन नंबर अठ्ठेचाळीस – दादा. चार वर्षांत कधी बदललं नाही. घरी काही बोलणार नाही असं मी लिहून दिलंय, आणि कधी बोललोही नाही.

आज दोन नंबरसमोर चव्वेचाळीस.

तीनदा पाहिलं. कागद उजेडात धरून पाहिला. चव्वेचाळीसच. म्हणजे तो विशीतला नवा पोरगा, ज्याचा फोटो पेपरात येतो. दादाला काढलं. आठ वर्षांची किंमत चार इंच!

दुपारी दोन जर्सींवर नंबर वाकडा बसला. आजवर माझा एकही वाकडा बसला नव्हता.

सांगायचं नाही असं ठरवून घरी आलो. दादा मागच्या पायऱ्यांवर एकटाच बसला होता. गुरुवारी टीव्हीवर, बाबांच्या देखत, सगळ्या शेजाऱ्यांच्या देखत त्याला हे कळणार – मला ते सहन होईना. सांगून टाकलं.

"चव्वेचाळीस?" त्याने विचारलं.

"तीनदा पाहिलं दादा."

तो हसला. नाकातून, एकदाच. मी म्हटलं, कोणाला सांगू नकोस, माझी नोकरी जाईल. तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंस. त्यांनी काढण्याआधी मीच सोडतो."

१५ ऑक्टोबर, बुधवार

निवृत्तीचं पत्र मी लिहिलं. दादाचं अक्षर वाईट. माझी शाळा आठवीत सुटली, पण माझं शुद्धलेखन चुकत नाही. 'वैयक्तिक', 'निवृत्ती', 'ऋणी' – तिन्ही शब्द कोशात तपासले. दोन ओळींचं पत्र. दादाने सही केली आणि पेन माझ्या खिशाला लावून दिलं, लहानपणी लावायचा तसं.

संध्याकाळी रेडिओवर बातमी. बाबा खुर्चीतून उठले आणि परत बसले. "एक दिवस थांबला असतास! एक दिवस!"

१६ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी दुसरा कागद आला. "दोन नंबर – ४४ रद्द. ४७ करा."

कटिंग मास्तर करवादले, "शिवून तयार आहे की! एका रात्रीत फुगला काय हा?"

मला आधी काही समजलं नाही. मग एकदम समजलं. रद्द का? कारण ज्याची ती जर्सी होती, तो काल निघून गेला. नवा पोरगा सत्तेचाळीस आहे.

संध्याकाळी टेप घेऊन दादासमोर उभा राहिलो. त्याने काही न विचारता हात वर केले. उजवा खांद्याच्या वर गेला नाही, तिथेच थांबला. टेप फिरवली.

चव्वेचाळीस.

"शिबिरात वजन उतरवायला लावलं," तो म्हणाला. "नवा माणूस म्हणतो, जड नकोत, पळणारे हवेत."

मी कागद तीनदा पाहिला. माणसाकडे एकदाही पाहिलं नाही.

बाबा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "देशाची जर्सी तुझ्या जिभेने फाडलीस." आणि आत निघून गेले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

"पत्र मागे घे ना दादा. मी जाऊन सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

"आणि तुझी नोकरी?"

"जाऊ दे."

"राहू दे," तो म्हणाला.

१९ ऑक्टोबर, रविवार

वहिनी आज चार दिवसांनी बोलली. एकच वाक्य. "भावजी, दोन दिवस तोंड मिटून बसता आलं नाही?"

२५ ऑक्टोबर, शनिवार

१७–१९. दोन गुणांनी हरलो.

रेषेबाहेरून, दोन्ही हात डोक्यावर नेऊन चेंडू आत टाकणं हेही दोन नंबरचंच काम. नव्या पोराचे सात चेंडू वाकडे गेले. प्रत्येक चेंडूला बाबा माझ्याकडे बघत. टीव्हीकडे नाही, माझ्याकडे. सातव्याला म्हणाले, "मोजतोयस ना? तुला मोजायची फार हौस."

दादा शेवटपर्यंत बघत बसला. शेजारचे काका हळहळले, "तू असतास तर हा सामना खिशात होता." दादाने माझ्या पाठीवर थाप मारली. "काय करणार काका! आमच्या घरात मापाडी जन्माला आला. माणूस बघत नाही, आकडा बघतो!" सगळे हसले. मी मान खाली घातली. हसणं चालू असताना त्याचा हात माझ्या पाठीवरच होता. जड.

२६ ऑक्टोबर, रविवार

वाण्याकडेसुद्धा हाक आली – "काय मापाडी!" दादानेच सांगितलेलं असणार. कारखान्यात अजून पोहोचलं नाही. पोहोचलं की मी संपलो.

जेवण जात नाही.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बाबा आजही बोलले नाहीत. दादा मात्र मजेत. दोनदा पोटभर जेवला. सकाळी अंगणात शीळ घालत होता. त्याच्या वाटणीचं दुःख पण त्याने माझ्याकडेच सोपवलंय की काय!

असं लिहायला नको होतं. त्याचं सगळं मी घालवलं. पण खोडत नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

संघाचे व्यवस्थापक मापं घेऊन कारखान्यात आले. मला बाजूला बोलावलं. वाटलं, नोकरी गेली. ते म्हणाले, "भाऊ कसा आहे? प्रशिक्षक अजून हळहळतात रे. निवडलेल्या प्रत्येकाला ते आधीच फोन करतात. संघ जाहीर झाला त्या आठवड्यात, सोमवारी संध्याकाळी, पहिला फोन त्यालाच केला होता. येतो म्हणाला होता!"

सोमवारी. मी त्याला सांगितलं ते मंगळवारी.

म्हणजे निवड झाल्याचं त्याला माहीत होतं. खांद्याशीच थांबलेला त्याचा उजवा हात आठवला. त्याला जायचंच नव्हतं, आणि बाबांच्या तोंडावर ते सांगण्यापेक्षा मला पुढे करणं सोपं होतं.

घरी आलो तर काका बसलेले. दादाने सुरू केलं, "या मापाडी!" बाबांनी तोंड फिरवलं. एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं.

मी मान खाली घातली. आज मुद्दाम.