हैदरच्या वजनाचा ठोकळा

बिडकीन, बाजारावरून आल्यावर

जिगरी दोस्त हैदर यास बन्सीचा रामराम आणि सलाम. (दोन्ही एकदम, कारण आधी कुणी काय म्हणायचं यावरून आपण उभा जन्म वाद घातला.) सगीराभाभींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? साखर किती? भाभी तुला गोड देत नसतील अशी आशा आहे, आणि तू चोरून खात असशील अशी खात्री आहे. आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. फोनवर तू नुसतं "हां, हां" करतोस आणि पोराच्या हातात फोन देऊन मोकळा होतोस, तेव्हा पत्रच बरं. दोन महिन्यांसाठी म्हणून हैदराबादला पोराकडं गेलास. दिवाळी गेली, ईद गेली, खुलताबादचा उरूसही होऊन गेला. तुझा पत्ता नाही.

तर सांगायचं म्हणजे आपल्या पिकअपचं. मागून ती डावीकडं बसली होती हे तुला ठाऊक आहेच, कारण बसवली तूच. कन्नडच्या बाजाराला जाताना एकदा कापडाचा एक गठ्ठा रस्त्यात पडला, तेव्हापासून तुझा दोरीवरचा विश्वास उडाला आणि तू मागं गठ्ठ्यांवर, डाव्या कोपऱ्यात ठाण मांडून बसायला लागलास. (पुढं माझ्याशेजारची गादी मोकळी. गप्पा मारायच्या तर मागच्या खिडकीतून, ओरडून. माझा घसा तेव्हा बसला तो बसलाच.) इतकी वर्षं तुझं ओझं पेलून तिकडचे स्प्रिंगचे पाटे पार सपाट झाले. या जुन्या गाडीचे नवे पाटे कुठं मिळेनात. शेवटी नाक्यावरचा कमरोद्दीन मिस्त्री म्हणाला, एक्सल आणि पाट्याच्या मधे लोखंडी ठोकळे टाकू, लांब यू-बोल्टनं आवळू, गाडी मागून उचलली जाईल. डावीकडं जरा जाड ठोकळा, उजवीकडं पातळ.

आता जाड म्हणजे किती जाड? तो रिकाम्या गाडीचं माप घ्यायला निघाला. मी म्हटलं, अरे, आपली गाडी बाजाराला रिकामी जाते कधी? मोंढ्यात कांद्याच्या काट्यावर तू एकदा पैजेनं चढला होतास आणि दोन गोण्यांना भारी पडला होतास, ते माझ्या ध्यानात होतं. मी दोन गोण्या डाव्या कोपऱ्यात ठेवल्या, वर तुझ्या जेवणाच्या डब्याचा अंदाज म्हणून एक पायली ज्वारी. कमरोद्दीन डोकं खाजवत म्हणाला, "बन्सीभाई, गाडी में माल का हिसाब धरते, गए हुए आदमी का नै धरते." मी म्हटलं, गेलेला नाही, गावाला गेलाय. त्यानं बोल्ट आवळले. गोण्या होत्या तोवर गाडी अशी सरळ उभी होती की बघत राहावं. गोण्या उतरवल्या आणि डावी बाजू फणा काढून वर आली.

तेव्हापासून माझे हाल विचारू नकोस. माल उजवीकडं घसरतो. बाजारात लोक मान वाकडी करून गाडी बघतात. परवा बायकोला घेऊन तिच्या भावाकडं निघालो, तर प्रत्येक खड्ड्याला साळूबाई सरकत माझ्या अंगावर. भर गुलमंडीच्या बाजारात! "जरा लाज धरा, लोकं बघतेत," म्हणाली. मी म्हटलं, मी काय करू, हे हैदरनं केलंय. त्यावर ती हसली नाही. म्हणाली, "हैदरभौंला बोलवा की वो. तुमी लई वाळले."

खरं सांगतो हैदर, मला करमत नाही. अजूनही गाडी चालवताना मी मागच्या खिडकीकडं तोंड करून एखादी गोष्ट सांगून जातो. उत्तर येत नाही तेव्हा कळतं. बाकी सर्व ठीक.

तुझा,
बन्सी

ता. क. यायचं नसेल तर तसं स्पष्ट कळव. डावा ठोकळा बदलून पातळ टाकणं हे अर्ध्या तासाचं काम आहे असं कमरोद्दीन म्हणतो. मग तेच करून टाकतो. तू मनाला लावून घेऊ नकोस.

आणखी ता. क. वरचं खोटं आहे. मी ठोकळा बदलणार नाही.

शेवटचं. तुझ्या पोरानं धाडलेला एक माणूस परवा तुझं घर बघायला आला होता. विकत घ्यायचं म्हणाला. मी त्याला सांगितलं, किल्ली हरवली. किल्ली माझ्या बंडीच्या खिशात आहे. घर विकायचंच असेल तर तू स्वतः ये, माझ्यासमोर उभा राहा आणि किल्ली माग. देतो का बघू.