पुंजारामकाकांची ढोलकी

देवळाली प्रवरा
८ नोव्हेंबर १९४३

प्रिय सरोजिनीवन्सं यांस विजयमालेचा सप्रेम सलाम वि. वि.

आम्ही दोघं देवाच्या कृपेने खुशाल. तुमचे दादा मात्र चार दिवस मला हसताहेत. त्यांच्याकडून तिखटमीठ लावून कळण्याआधी मीच लिहिते.

चर्चमध्ये हंगामाची उपकारस्तुती झाली. अर्पणाच्या मेजावर बाजरीची कणसं, भोपळे, एक केकाटणारी कोंबडी, आणि त्यांत आपल्या शेजारच्या पुंजारामकाकांची ढोलकी! तीस वर्षं तिनं भजनाला साथ केली. पण त्यांचा मुलगा सूर्यभान पलटणीतून ब्रह्मदेशाकडे गेला, आणि आठ महिने त्या पोराचं पत्र नाही. तेव्हापासून काका ना चर्चला येतात ना कुणाच्या ओट्यावर टेकतात. त्या दिवशी आले, ढोलकी ठेवली अन् निघून गेले.

मग अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव झाला, त्यात कोंबडीसाठी चढाओढ झाली. ढोलकीची पाळी येताच सगळ्यांनी माना खाली घातल्या. तेवढ्यात माझ्या मनात कुणी हळूच म्हटलं, घे. आवाज नव्हे हो, नुसतं वाटलं. मी गेले होते भोपळ्यासाठी, आणि घरी आणली ढोलकी! परत नेऊन दिली तर देवाला दिलेलं काका घेणार नाहीत. म्हणून भाकरी झाल्या की रोज मीच ती बडवते. दोन्ही घरांच्या मध्ये भिंत म्हणून नुसता तुरकाट्यांचा कूड आहे, ऐकून तरी बाहेर येतील. अजून दार उघडलेलं नाही. हा माणूस आतल्या आत संपेल, याची मला फार धास्ती वाटते.

प्रार्थनेत आठवण असू द्या.
तुमची वहिनी, विजयमाला

अहमदनगर
१५ नोव्हेंबर १९४३

ती. सौ. वहिनींस सरोजिनीचा सादर सलाम वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसले. अहो, टाळ्यासुद्धा तुम्ही सगळ्यांच्या मागून वाजवता! पण रागावू नका, मनात येतं ते सगळंच प्रभूकडून असतं असं नाही. काही आदल्या दिवशीच्या वांग्याचंही असतं. मुलासाठी झुरणाऱ्या माणसाच्या कानाशी बडवाबडवी केली तर त्याला त्रासच होईल. थांबवा ते.

आमच्या बोर्डिंगात लीना नावाची नवी शिक्षिका आली आहे. जेवताना एकटीच टोकाला बसते. जाऊन बोलावं असं रोज मनात येतं, पण वह्यांचा ढीग असतो.

दादांना सलाम. माया आहे ती राहू द्या.
सरोजिनी

देवळाली प्रवरा
२७ नोव्हेंबर १९४३

प्रिय वन्सं यांस सप्रेम सलाम वि. वि.

तुमचं पत्र वाचून रडू आलं. तुमचं म्हणणं खरंच वाटलं. तळहात सुजले होते, तुमच्या दादांनी कानात कापूस घालायला सुरुवात केली होती. ढोलकी फळीवर ठेवली आणि देवाला म्हटलं, चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी भाकरी झाल्या, ऊन ओट्यावर आलं, आणि दारात पुंजारामकाका! हातात सुंठेचा तुकडा. मास्तरीणबाई, आज वाजलं न्हाई, आजारी हाय का तुमी, असं विचारू लागले. पहिले दोन दिस लई राग आला हुता म्हणाले; मग कुणीतरी आपल्यासाठी इतकं वाईट वाजवतंय म्हणून हसू आलं, आणि पुढं रोज सकाळी ते वाट बघू लागले. आज सुनं वाटलं. आपल्या उंबऱ्यात बसले होते, तर त्यांच्या मनात आलं, जा, तिला धीर दे. मला हो, वन्सं!

मग फळीवरून ढोलकी स्वतःच काढली. तुमी ती उलटी धरीत हुता, पहिल्याच दिशी कानाला कळलं हुतं, असं सांगून त्यांनी अशी थाप मारली की तुमचे दादा कापूस काढून बाहेर आले.

सूर्यभानचं पत्र अजून नाही. वाजवता वाजवता काकांचा हात थांबतो, डोळे भरतात. मी नुसती बसून राहते. पण रविवारी ते भजनाला आले.

तुमची विजयमाला

अहमदनगर
३ डिसेंबर १९४३

ती. सौ. वहिनींस सादर सलाम वि. वि.

ते वांग्याचं वाक्य मी मागे घेते.

पत्र वाचलं आणि वह्या तशाच टाकून उठले. लीनाच्या शेजारी ताट नेलं. बोलायला काही सुचेना, म्हणून तुमच्या उलट्या ढोलकीची गोष्ट सांगितली. ती डोळ्यांत पाणी येईतो हसली. नंतर म्हणाली, रोज जेवताना ती दोन पाट मांडते, कुणी आलं तर असावा म्हणून. महिनाभर, वहिनी! आणि मी वह्या तपासत होते.

सूर्यभानसाठी आम्ही दोघी रोज प्रार्थना करतो, हे काकांना सांगा. नाताळला दोघी येतोय. भजनाला काकांच्या जवळ आमच्यासाठी जागा धरून ठेवा.

तुमचीच,
सरोजिनी