कपड्यांचा धंदा

आप्पा,

सीताफळांचे दिवस होते आणि रविवार होता. भेटायला येणाऱ्या पालकांसाठी शाळेच्या फाटकाजवळ एक दगडी बाक होता. त्यावर तुम्ही आधी रुमाल पसरलात, पँट गुडघ्यांपाशी दोन बोटांनी वर ओढलीत आणि मग हळूच बसलात. फडक्यात बांधून आणलेली सीताफळं माझ्यापुढं ठेवलीत. "तुम्ही नाही खाणार?" मी विचारलं. "तू खा. मला गोड चालत न्हाई." मी बोटं चाटत खात राहिले. खाऊन झाल्यावर तुमच्या कुशीत शिरायला सरकले, तर तुम्ही माझी दोन्ही मनगटं धरून मला हातभर लांब उभं केलंत आणि म्हणालात, "बघू दे तरी, किती उंच झालीस." मला तेव्हा वाटायचं, श्रीमंत माणसं अशीच असतात. लेकरांना कुशीत घेत नाहीत, लांबून बघतात.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तुम्ही मला मिशनच्या वसतिगृहात सिस्टरांच्या हवाली केलंत आणि सुट्टीत केजला मामाकडं पाठवायचं ठरवलंत. परळीला कधीच नेलं नाहीत. "थर्मलच्या चिमणीची राख पडती तिथं. तुझी छाती नाजूक हाय." माझ्या छातीला काहीही झालेलं नव्हतं. पण तुमचा शब्द खरा करायला मी केजच्या स्वच्छ हवेतसुद्धा अधूनमधून खोकत असे. मैत्रिणी विचारायच्या, तुझे वडील काय करतात? मी तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात, "आपला कपड्यांचा धंदा हाय." मी वर्गात जाऊन सांगितलं, कापडाचा. पांढऱ्या गाद्या, लोडाला टेकलेले मुनीम, तागे उलगडून दाखवणारे नोकर, सगळं दुकान मी एकटीनं मनात उभं केलं. दर खेपेला तुमच्या अंगावर वेगळे कपडे असत. कधी सफारी, कधी जाकीट, थंडीत तो तपकिरी कोट. एकच शर्ट मी दोनदा पाहिला नाही. सिस्टरांशी बोलताना तुम्ही 'आहे' असं म्हणायचात, काचेचा पेला खाली ठेवावा तितक्या जपून.

दहावीला इंग्रजीच्या तासाला सिस्टरांनी एक गोष्ट शिकवली. भाड्याच्या खोलीत राहणारा एक तरुण, जवळ एकच चांगला अंगरखा, आणि साऱ्या गावाला तो जहागीरदार वाटतो. वर्ग त्याला हसला, सगळ्यांत जास्त मी. त्यावर निबंधस्पर्धा होती. मी लिहिलं, हा माणूस श्रीमंती दाखवत नाही, घाई दाखवत नाही. भूक लागली तरी ताटाकडं बघत नाही. तो खोटं बोलतच नाही. अर्धं खरं सांगतो, आणि उरलेलं अर्धं लोकांकडूनच बोलवून घेतो. सिस्टरांनी त्या ओळीखाली लाल रेघ ओढून शाबासकी दिली.

पुढच्या रविवारी त्याच बाकावर मी तो निबंध तुम्हाला मराठी करून वाचून दाखवला. शेवटी विचारलंत, "सापडतो का त्यो?"

"सापडतो ना. ज्या मुलीवर त्याचा जीव असतो, तिच्यासमोरच."

"मंग ती पोरगी काय म्हणती?"

"काय म्हणणार? परत त्याचं तोंड बघत नाही. बरोबरच आहे तिचं."

"बरोबर हाय," तुम्ही म्हणालात आणि रुमालाची घडी घालायला लागलात.

बक्षीस समारंभाला तुम्ही तो तपकिरी कोट घालून आलात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचे वडील परळीचे डॉक्टर होते. ते कधी शाळेत फिरकत नसत, त्या दिवशी आले. मंडपाच्या दारात त्यांनी तुम्हाला पाहिलं आणि थबकले.

"काय रे, तू इकडं कुठं? आणि हा कोट..."

त्यांनी तुमची कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला बिब्ब्यानं घातलेले दोन काळे ठिपके होते. कुणाचा कपडा कुणाचा हे कळावं म्हणून परीट घालतात, ती खूण.

"उद्या पोचवणारच होतो, साहेब. लगीनसराईबिगर तुमी घालत न्हाईत, म्हणून..."

"घाल बाबा, घाल. माझ्यापेक्षा तुलाच शोभतोय." डॉक्टर मोठ्यानं हसले. "बिल तेवढं कमी कर. भाडं तू द्यायचंस खरं म्हणजे!"

आजूबाजूचे हसले. डॉक्टरांच्या मुलीनं मला विचारलं, "हे तुझे पप्पा ना गं?" आणि मी म्हणाले, "नाही. आमच्याकडं कपडे न्यायला येतात." तुम्ही तीन हातांवर होता. तुम्ही मान खाली घातलीत आणि म्हणालात, "व्हय, बाईसाहेबांकडंच आलतो." माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा तुम्ही मंडपात नव्हता.

पुढच्या रविवारी तुम्ही पायजमा घालून आलात आणि बाकावर रुमाल न टाकता बसलात. मी उभीच राहिले. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी भांडले.

"का नाही सांगितलंत मला?"

"सांगणार होतो. त्या कोटवाल्याचं वाचलंस ना, त्याच दिवशी सांगणार होतो. पर तू म्हणलीस, पोरगी तोंड बघत न्हाई. म्हणून राह्यलो."

आप्पा, इतकी वर्षं झाली, तुम्हालाही जाऊन तीस वर्षं होतील, तरी हे वाक्य मला पचत नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर तुम्ही स्वच्छ लिहिलं होतं, परीट, इस्त्रीचं दुकान. सिस्टरांना माहीत होतं, मामा-मामींना माहीत होतं, परळीतल्या घराघराला माहीत होतं. तुम्ही जगाला फसवलं नाहीत. फक्त मला फसवलंत. परक्याचा कोट घातलात याचा राग कधीच गेला. पण त्याची इस्त्री मोडू नये म्हणून मला लांब धरलंत, डाग पडेल म्हणून सीताफळाचा एक घासही तोंडात टाकला नाहीत, त्याचं काय? दहा वर्षांत मला बाप मिळाला तो हातभर अंतरावरून. आणि एका गोष्टीतल्या पोरीवरून तुम्ही माझा अंदाज बांधलात. मला विचारलं असतंत तर! पण चार दिवसांत मी तीच पोरगी निघाले, आणि तुमचा अंदाज खरा केल्याबद्दल मी अजून तुमच्यावरच चिडते.

त्यानंतर तुम्ही येत राहिलात, मी बोलत राहिले. लग्नात तुम्ही नवे कपडे शिवलेत, ते तुम्हाला जरा सैल झाले होते. त्या दिवसाचा विषय आपण दोघांनी कधी काढला नाही. सासरी मी काय सांगितलं ते तुम्ही ऐकलं असेलच.

मागच्या आठवड्यात लेकीचा फोन आला. तिनं घर बांधलंय, दिवाणखान्यात तुमचा फोटो लावायचाय. तपकिरी कोटातला. तुमचा तेवढा एकच आहे. "आई, खाली पाटीवर काय लिहू गं? कापडाचे व्यापारी, असंच ना? एकदम शेठ दिसतात आजोबा." मी म्हणाले, थांब, सांगते. आणि हे लिहायला बसले.

हल्ली मी कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवते. हेही त्यातच लिहिते, तुमच्यापर्यंत तर काही पोचणार नाही. पाटल्या लेकीच्या. इंग्रजीची पुस्तकं सिस्टरांच्या शाळेला, त्यांनी ठेवून घेतली तर. शिलाई मशीन कामाला येणाऱ्या बाईंना, त्यांनी दोनदा विचारलंय. मामीची पितळी परात मामाच्या सुनेला परत. जरीची दोन लुगडी मोडून त्यांच्या उशा कराव्यात, कुणी नेसणार नाही. आणि हे पत्र लेकीला, मी गेल्यावर. आधी 'समोर बसवून वाचून दाखवीन' असं लिहिलं होतं, ते खोडलंय. काल तिचा परत फोन आला, पाटीवाला खोळंबला होता. मी म्हणाले, हो, कापडाचेच.