भावकीला दिलेली परवानगी

भिसेगाव, कर्जत
चैत्र वद्य पंचमी

तीर्थस्वरूप नागूदादास,

धाकट्या गजाचा दंडवत. इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत (शकूची कंबर सोडून, पण लग्नाचा मांडव उतरेपर्यंत ती बरी होणार नाही, असं तिनेच ठरवलं आहे). तुझा गुडघा कसा आहे? भागीवहिनींनी दिलेलं तेल लावतोस की नुसतं फळीवर ठेवून त्याच्याकडे बघतोस? तुमच्या चौक गावाला यंदा आंबा बरा धरलाय असं टेंपोवाला धाऊ सांगत होता. हे पत्रही त्याच्याच हाती देतोय. फोन केला असता, पण तू तो बटनांचा फोन मोठ्याने लावतोस आणि आपलं बोलणं अर्धी आळी ऐकते. स्वतः आलो असतो, तर लग्नघरातला माणूस अक्षता न घेता दारात आला म्हणून वहिनींनी तोंड फिरवलं असतं. तेव्हा पत्रच बरं.

ऋतिकाच्या लग्नाला सतरा दिवस राहिले आणि घरात आमंत्रणाची यादी नाही. तुला आठवत असेल, आपल्या अण्णांची ती लाल वही. पन्नास वर्षांत भावकीतल्या प्रत्येक लग्नात कुणाला घरी जाऊन अक्षता द्यायच्या, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला फेटा, कुणाच्या बायकोला साडी आधी, सगळं त्यात होतं. वहीला वाळवी लागली तेव्हा मी ती उरलीसुरली पानं समोर ठेवून कॉम्प्युटरवर उतरवली. एका बोटाने, चारशे अठरा नावं. नंतर ती पानंही वाळवीनेच संपवली. पुढे अण्णांच्याच पद्धतीने एक शेऱ्याचा रकाना ठेवला. उदाहरणार्थ, वाघ्याकाका: ‘निरोप दोनदा द्यावा. एकदा दिल्यास मिळाला नाही म्हणतो.’ यात खोटं काय आहे, सांग.

ऋतिका म्हणाली, बाबा, एवढ्या मेहनतीची यादी आहे, तिच्या प्रती काढून ठेवा. मी काढल्या. ‘यादी’, ‘यादी खरी’, ‘यादी शेवटची’ आणि ‘यादी शेवटची खरी’. चारही एकाच फोल्डरात नीट शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे हरवायला नकोत. आता मला शहाणपण सुचलं की नावं बरोबर आहेत का ते भावकीलाच तपासू द्यावं. म्हणून तो फोल्डर सगळ्यांच्या मोबाइलवर धाडायचं ठरलं. ऋतिकाने चारचारदा बजावलं की सगळ्यांना फक्त बघायची परवानगी द्या. आणि ती तिच्या नोकरीवर पुण्याला गेली.

दादा, त्या यंत्रात परवानगीच्या पायऱ्या असतात. एकाने फक्त बघायचं, दुसऱ्याने बदल करायचा, आणि सगळ्यांच्या वर मालक. ज्याने ही रीत काढली त्याने आयुष्यात एकही लग्न केलेलं नसणार. मी पहिल्या दिवशी ऋतिकाने सांगितलं तसंच केलं, तर तासाभरात वाघ्याकाका दारात. “आमाला नुसतं बघायचं व्हय रं? मंग लग्नाला येऊन पण नुसतं बघूनच जातो! जेवत नाय आमी!” आता एकाला दिली आणि दुसऱ्याला नाही, असं आपल्यात चालतं का? मी सगळ्यांना बदल करायची परवानगी देऊन टाकली. मग प्रश्न आला नेरळच्या थोरल्या जावयांचा, आपल्या विनिताच्या यजमानांचा. योगेंद्ररावांना भावकीच्याच ओळीत कसं बसवणार? जावई ते. वरची एकच पायरी शिल्लक होती. मी त्यांना मालक केलं.

शेऱ्याचा रकाना काढून टाकायचा राहिला होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तोवर यादी चारशे अठरावरून सहाशेवर गेली होती. पहिला फेटा एकतीस जणांच्या नावावर होता. वाघ्याकाकाच्या पुढे ‘भावकीतला सर्वांत मनमिळाऊ माणूस’ असा शेरा आला होता (हा त्याने स्वतःच लिहिला, कारण दुसरं कोण लिहील?). तरी मी शांत होतो, कारण प्रती होत्या. बघतो तर चारही प्रतींत लोकांनी आळीपाळीने हात घातलेला. फोल्डर एकच, परवानगी एकच, आणि आपले लोक काम अर्धवट सोडणारे नव्हेत.

शेवटचा घाव नेरळहून आला. योगेंद्ररावांनी स्वतःपुढचा शेरा वाचला: ‘जेवताना आग्रह तीनदाच करावा. चौथ्यांदा केल्यास खरंच वाढून घेतात.’ संध्याकाळपर्यंत फोल्डर गायब. विनिताला विचारलं तर म्हणाली, ह्यांचं चुकून बोट लागलं. बोट एकदा लागतं, दादा. नंतर कचऱ्याची टोपली रिकामी करायला वेगळं बोट लागतं, आणि वर कॉम्प्युटर ‘नक्की ना?’ असं विचारतो. पण जावयाला कोण बोलणार? शकूने फोन करून उलट त्यांची तब्येत विचारली.

आता अर्धी भावकी रुसली आहे आणि उरलेली रोज चहाला येऊन आपला शेरा काय होता ते विचारते. मला हसूही येतं आणि रात्री उठून मी एकेक नाव आठवतही बसतो. एक घर जरी विसरलं तरी ते घर पुढची वीस वर्षं विसरणार नाही, आणि पोरगी सासरी जाताना कुणी तोंड फिरवून उभं राहिलेलं मला सोसणार नाही. बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार.

तुझा,
गजा

ता. क. माघी गणपतीला मी तुझ्याकडे एक पुडकं ठेवायला दिलं होतं. बियाण्याचं भात जसं आपण एकाच घरात ठेवत नाही, थोडं भावाच्या घरी ठेवतो, तसंच ऋतिकाने सांगितलं होतं की एक प्रत घराबाहेर असावी. तेवढं एक मी बरोबर केलं. त्या पुडक्यात पेन ड्राइव्ह आहे, त्यात जुनी यादी जशीच्या तशी आहे. ती धाऊच्या हाती लगेच पाठव. मी हे पत्र त्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. पुडकं उघडू नकोस. तुमच्या चौकच्या कॉम्प्युटरवाल्याकडे तर मुळीच नेऊ नकोस. आणि नेलंसच, तर तुझ्या नावापुढचा शेरा शकूने लिहिलेला आहे, माझा त्याच्याशी काही संबंध नाही.

ता. क. ३. दादा, नमस्कार. मी शकू. पाकीट चिकटवण्याआधी वाचलं. तुमचा शेरा ह्यांनीच लिहिलाय, मी शेजारी भाजी निवडत होते. ‘दादा येऊन बसल्याशिवाय हळद लावायची नाही. मुहूर्त गेला तरी चालेल.’ लिहिलं आणि मग हे उगाच नाक पुसत बसले. तोंडाने सांगायची लाज वाटते, म्हणून माझ्यावर ढकललं. तेव्हा तुम्ही खुशाल उघडा. फक्त त्याच्या खालची ओळ, जाऊबाईंच्या नावाची, ती वाचू नका. ती खरंच मी लिहिलेली आहे.