टॅकेटच्या बॅटवरची चीर

गुरुवार, १७ ऑक्टोबर १९९१

प्रिय मिलानदादा,

बरा असशील. थंडी सुरू झाली, म्हणजे तुझा गुडघा कुरकुरत असेल. आमच्याकडे सगळे ठीक. वेराने हिवाळ्यासाठी कोबी मुरत घालायला घेतलाय, घरभर त्याचा वास. हे पत्र टपालाने का आलं नाही, ते पुढे लिहितो. आधी बॅटबद्दल, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

गेल्या शनिवारी आमच्या वाचनालयात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन लागलं. आपल्या लाडक्या बेसबॉलपटूची, ऑर्विल टॅकेटची टोपी, ग्लव्ह, खिळ्यांचे बूट आणि मधोमध, काचेत, ती बॅट. अंतिम सामना जिंकून देणारा होमरन त्याने जिने मारला, तीच. रेडिओवर ते ऐकून तू मला खांद्यावर घेऊन अंगणभर नाचला होतास.

दुपारी करड्या कोटातल्या एक बाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या. बॅटसमोरून हलेनात. मी नेहमीसारखा बोलत सुटलो, "मुठीजवळची ही चीर बघा. चेंडू लागला त्या क्षणी लाकूड फाटलं! काय ताकद होती मनगटात!"

"ताकद होती," त्या म्हणाल्या. "पण चीर त्या दिवशीची नाही. बॅट घरी आली तेव्हा धड होती. मी आयरीन. त्यांची मुलगी."

दादा, मला केवढा आनंद झाला! त्यांचा हात धरून मी वेड्यासारखा हलवत राहिलो. "मग चीर पडली कधी?"

"बटाटे करपले त्या दिवशी. पहिल्या घावाला आईने हात आडवा धरला. दुसरा दाराच्या चौकटीवर बसला, म्हणून फाटली. मी टेबलाखाली होते."

मी हसलो. खरंच हसलो रे. तोंड आधीच उघडं होतं, त्यातून तेच बाहेर पडलं. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "सगळ्यांचं असंच होतं. आईने डॉक्टरांना सांगितलं, जिन्यावरून पडले. त्यांनी तिला प्लॅस्टर घातलं आणि बाबांकडून चेंडूवर सही घेतली."

मी काचेचं झाकण उघडलं. म्हटलं, "बॅट तुम्ही घेऊन जा. तुमचीच आहे."

"मी? आणि ठेवू कुठे? स्वयंपाकघरात?"

त्यांना एवढंच हवं होतं, की चिरेबद्दल खोटं लिहू नये. मी तिथल्या तिथे बॅटखालची माहितीची पाटी काढली. 

घरी येऊन वेराला सांगितलं. वाटलं, ती सुरी टाकून मटकन खाली बसेल. ती कोबी चिरतच राहिली. मग म्हणाली, "आणि जाऊबाई कुठल्या जिन्यावरून पडल्या होत्या?"

मी तिच्यावर ओरडलो. दादा तसा नाही, म्हणालो.

"त्या डॉक्टरलाही टॅकेट तसा वाटला नव्हता," ती म्हणाली.

तुझ्या घराला जिना नाही, दादा. तळघरही नाही. इस्टरला वहिनीचा हात गळ्यात बांधलेला होता. तिने डाव्या हाताने आपल्याला कॉफी आणून दिली, आणि आपण मॅच बघत होतो. मी तिला "सांभाळून चालत जा" म्हणालो!

सोमवारी तू कामावर गेल्यावर तिला फोन केला. हाताचं विचारलं. मग म्हणाली, "भाऊजी, त्यांना काही विचारू नका. कोणी विचारलं की तो आठवडा फार वाईट जातो."

म्हणून विचारत नाही. हे पत्र तुझ्याच टेबलाशी बसून लिहितोय. वेरा आत वहिनीची बॅग भरतेय. सोबत काय न्यावं, ते वहिनीला ठरवताच येत नाही. मगाशी ती तुझे शर्ट घडी करत बसली होती, वेराने हातातून काढून घेतले. 

ती आमच्याकडे येतेय. लपवून काय करू, दुसरीकडे ती जाणार तरी कुठे? पण आमच्या घरी येऊ नकोस. वेरा दार उघडणार नाही आणि मीही नाही. समोरच्या घरातल्या पोलिसाला सांगून ठेवलंय. तुझ्याबद्दल असं एखाद्या परक्याला सांगावं लागलं.

बोलायचं असेल तर तुझ्या कारखान्याच्या फाटकाशी बोलाव. मी एकटा येईन. तुझ्यावरची माया आटली असती तर हे पत्र लिहिलं नसतं, बॅग उचलून निघालो असतो. पण वहिनी परत कधी येईल, येईल की नाही, ते तिचं ती सांगेल. तू नाही. मीही नाही.

वहिनी कोट घालून दारात उभी आहे. एक बाही तिला अजून नीट चढवता येत नाही. उठतो.

तुझा भाऊ, आणि आजपासून तिचाही,
एमिल