शनिवारी तेल आणू नये

१ जुलै १९७३, रविवार
गाडी अखेर दारात आली. अॅम्बॅसिडर, काळी. एका कंत्राटदाराची जुनी आहे, पण माणूस नीटनेटका होता. अंबडमध्ये हेडमास्तरच्या दारात गाडी म्हणजे माझ्या माहितीत पहिलीच. गल्लीतले सगळे बघून गेले.
कडूबा मेस्त्रीनं बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी उपसून माझ्या नाकासमोर धरली. ऑइल पार काळंकुट्ट. म्हणाला, "ऑइल अन् फिल्टर बदलल्याबिगर लांब काढू नका सर, इंजिन धरंल, जाम व्हईल."
दुसरी गोष्ट. उषाला छातीत उजव्या अंगाला गाठ लागली आहे. इथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, उशीर करू नका म्हणाल्या. डॉक्टरांना घाई करायची सवयच असते. तरी मी उषाला शब्द दिला की आठवड्याभरात नेतो, आणि तेही स्वतःच्या गाडीनं. हेडमास्तरची बायको एसटीत कोंबड्यांच्या टोपल्यांशेजारी बसून जाणार नाही.
संकल्प : या आठवड्यात ऑइल, फिल्टर, औरंगाबाद. याच क्रमानं.

३ जुलै, मंगळवार
गाडीबरोबर मिळालेलं इंग्रजी पुस्तक वाचतो आहे. ऑइलचे नंबर असतात. तीस नंबर पातळ, चाळीस नंबर घट्ट. आपल्याकडे उन्हाळा कडक, म्हणजे चाळीस. पण सध्या पावसाळा, म्हणजे तीस. शिवाय दोन्ही ऋतूंना चालणारं एक नवीन निघालं आहे म्हणतात. विचार करण्यासारखं आहे. माझा विषय विज्ञान, मी अंदाजपंचे करणार नाही.
देवानंद सर (आमचे गणिताचे) म्हणाले, सकाळच्या एसटीनं वहिनींना घेऊन निघा, त्यांचा मावसभाऊ त्याच दवाखान्यात कामाला आहे, केसपेपरपासून सगळं करून देईल. चांगला माणूस. पण त्यांच्याकडे गाडी नाही, त्यामुळे त्यांना हा प्रश्न कळणार नाही.
उषा म्हणाली, रामरावला (तिचा भाऊ, औरंगाबादला असतो) पत्र टाकू का. नको म्हटलं. उगीच त्याच्या जिवाला घोर.

७ जुलै, शनिवार
सकाळची शाळा आटोपून एसटीनं जालन्याला गेलो. स्पेअर पार्टचं दुकान मोठं. मालकानं चाळीस नंबरचा डबा माझ्या हातात दिला, तेवढ्यात आठवलं की आज शनिवार. शनिवारी तेल घरात आणू नये.
माझा स्वतःचा यावर बिलकुल विश्वास नाही. पण घरात आजारी माणूस आहे, उषाच्या मनाला लागलं तर? तिच्यासाठी म्हणून डबा परत ठेवला. फक्त फिल्टर घेतला. फिल्टर तेलात मोडत नाही.
मालक म्हणाला, "सर, हे गाडीचं ऑइल हाये. मारुतीला न्हाई वाह्यचं." मी हसलो. अशा लोकांशी वाद घालत नाही.

८ जुलै, रविवार
फिल्टर जीपचा निघाला. कडूबा म्हणाला, "बराबर बसंल सर, जरा ठोकावं लागंल." कडूबा कशालाही नाही म्हणत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे. पण मी ठोकू दिलं नाही. जिथं शास्त्र आहे तिथं हातोडा नको.

१४ जुलै, शनिवार
जालना. फिल्टर बदलून आणला. तेल अर्थातच नाही.
इथं अडचण नीट मांडून ठेवतो. सोमवार ते शुक्रवार शाळा. रविवारी ते दुकान बंद. उरतो शनिवार, आणि शनिवारी तेल आणता येत नाही. देवानंद सर म्हणाले, एक दिवस रजा टाका. रजा टाकली असती, पण माझ्या रजा मी औरंगाबादसाठी राखून ठेवल्या आहेत. उषासाठी राखलेली रजा तेलासाठी उडवणारा माणूस मी नाही.
दुसऱ्या कुणाकडून मागवावं तर भलताच नंबर आणतील.

११ ऑगस्ट, शनिवार
श्रावणी शनिवार. साध्या शनिवारचं एक वेळ चाललं असतं.
उषा हल्ली भाकरी थापताना मध्येच थांबते. उजवा हात भरून येतो म्हणते. भाकरीऐवजी भात लाव म्हणून सांगितलं. आपण समजून घेतलं तर संसारात अडचण येत नाही.
नवा फिल्टर रोज फडक्यानं पुसून ठेवतो.

२ सप्टेंबर, रविवार
तीस आणि चाळीस यांवर अजून निर्णय नाही. एका ट्रक ड्रायव्हरशी बोललो, त्यानं पन्नास सांगितला. माहिती जितकी वाढते तितकं अवघड होतं.
उषा बारीक झाली आहे. लग्नात होती तशी दिसते. तिला तसं म्हटलं. हसली नाही.

१८ सप्टेंबर, मंगळवार
आज शिक्षणाधिकारी येणार म्हणून शाळेत तास ठेवले नव्हते, ते आलेच नाहीत. दुपारी जालन्याला जाता आलं असतं. पण पितृपंधरवडा चालू आहे. या दिवसांत नवीन वस्तू कोणी घेत नाही. मी मानतो असं नाही, पण गाडी नवी आहे (आपल्याला).
डॉक्टरीणबाई बाजारात भेटल्या. विचारलं, जाऊन आलात का. मी म्हणालो, चाललोच आहे. त्या बघत राहिल्या. बाईंचं बोलणं जरा उद्धट आहे.

६ ऑक्टोबर, शनिवार, दसरा
गाडीची पूजा केली. झेंडू, आपट्याची पानं, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. ऑइल बदललेलं नसल्यामुळे इंजिन चालू केलं नाही, सगळ्यांनी ढकलून अंगणात एक चक्कर मारली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.
एकच गालबोट. उषानं गाडीला डाव्या हातानं ओवाळलं. सणाच्या दिवशी, लोकांसमोर. मी तिथल्या तिथं बोललो, डाव्या हातानं ओवाळतात का. तिनं ताम्हन उजव्या हातात घ्यायचा प्रयत्न केला, हात खांद्यापर्यंत गेला नाही. निरांजन विझलं. शेजारच्या कांताबाईंनी पुढं होऊन पुरं केलं.
नंतर वाटलं, बोललो नसतो तरी चाललं असतं. पण पद्धत ती पद्धत.
संकल्प : दिवाळीच्या सुट्टीत काहीही झालं तरी औरंगाबाद. सुट्टीत सगळे वार मोकळेच.

१ नोव्हेंबर, गुरुवार
दिवाळी पाहुण्यांत गेली. पाहुण्यांना गाडी दाखवता दाखवता दमलो.
तिकडे अरबांनी लढाई काढली आहे. पेपरात रोज पेट्रोलचं येतं. आता या जागतिक परिस्थितीत माझा काय दोष?

८ नोव्हेंबर, गुरुवार
आज डोकं फिरायची वेळ आली.
जेवताना सहज म्हणालो, शनिवारची एवढी आडकाठी नसती तर गाडी कधीच तयार झाली असती, तुझ्यासाठी म्हणून पाळतो आहे. उषा म्हणाली, "मी तर शनिवारीच तेल आणते की. वाणी शनिवारीच नवा डबा फोडतो. तुम्ही कधी विचारलंच न्हाई."
म्हणजे इतकी वर्षं माझ्या घरात शनिवारचं तेल येतं आहे, आणि मला पत्ता नाही! माझी केवढी फसवणूक. दोन घास टाकून उठलो. तिनं हात धुवायला पाणी दिलं, पण तांब्या कलंडला. म्हणाली, "गाठ आता हाताला लागून राह्यली, काखेत पण आली." विषय तेलाचा चालला होता.

१० नोव्हेंबर, शनिवार
ताठ मानेनं जालन्याला गेलो. शनिवार तर शनिवार. दुकानात तेल नाही. तीस नाही, चाळीस नाही, काहीच नाही. मालक म्हणाला, "जुलैत तुमच्या हातात डबा दिल्ता सर, तुम्हीच ठिवून गेल्ते." बाहेर येऊन चहा प्यालो. चहाही पाणचट.

२५ नोव्हेंबर, रविवार
अंबड, जालना, सगळीकडे खडखडाट. एक जण काळ्या बाजारात देतो म्हणाला. मी शिक्षक आहे. नकार दिला. घरी येऊन उषाला सांगितलं, तत्त्वाला मुरड घातली नाही. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "एसटीनं जाऊ या का हो? मी बसंल." मी म्हणालो, एवढे दिवस थांबलीस, आता चार दिवसांसाठी कशाला हाल.

१६ डिसेंबर, रविवार
सापडलं!
केदारखेड्याला आमच्या गावाकडच्या घरी गेलो होतो. चुलतभाऊ बैलगाडीच्या आसाला वंगण घालत होता. एरंडेल! आमच्या बैलगाडीचं चाक कधी कुरकुरलं नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. आसावर चाक फिरतं तिथं एरंडेल चालतं, तर इंजिनात काय वेगळं आहे? तिथंही लोखंड लोखंडावर फिरतं. शिवाय पूर्वी विमानात एरंडेलच घालत, हे मी स्वतः वाचलं आहे. अरबांची गरजच काय?
घाण्यावरचं ताजं एरंडेल घेऊन आलो. वार रविवार, म्हणजे तोही दोष नाही.

२३ डिसेंबर, रविवार
कडूबाला विचारलं, चालेल का. "बराबर हाये सर, तेल ते तेलच." जुनं ऑइल काढलं, एरंडेल मांजरपाटातून दोनदा गाळून घातलं, नवा फिल्टर बसवला. इंजिन पहिल्या झटक्याला चालू! बसस्टँडपर्यंत जाऊन आलो. मागं थोडा धूर होता, वास तळणासारखा. उषाला पोटात ढवळलं. ती हल्ली कशानंही ओकते.
संकल्प : सोमवार सात जानेवारी. रजेचा अर्ज दिला. उषाला कळवलं. तिनं पिशवी आजच भरून ठेवली. अजून किती दिवस आहेत म्हटलं, तर म्हणाली, असू द्या.

७ जानेवारी १९७४, सोमवार
लिहावंसं वाटत नाही, पण नोंद असावी.
पहाटे थंडी फार. एरंडेल आत काकवीसारखं घट्ट झालेलं. गाडी चालू होईना. गल्लीतल्या चौघांनी ढकलली तेव्हा झाली. उषा मागच्या सीटवर आडवी. गाव सुटलं, छान चाललो होतो. मग आतून खडखड, मग एक कर्र असा आवाज, आणि गाडी जागेवर थांबली. हँडल मारलं, तसूभर हलेना. कडूबा म्हणाला होता तसं इंजिनानं धरलं. मी बॉनेट उघडून उभा राहिलो. वाफ आणि तळणाचा वास.
उषा उतरून बांधावर बसली.  मी तिला समजावत होतो की थंडीत फिल्टर चोंदला असणार, म्हणजे मूळ कल्पना बरोबरच होती. तेवढ्यात मागून औरंगाबादची एसटी आली. उषा उठली आणि डावा हात वर केला. एसटी थांबली. कंडक्टरनं तिच्याकडे बघून पुढची सीट रिकामी करवली. मला म्हणाला, "मास्तर, चला जल्दी." मी म्हणालो, एवढी गाडी रस्त्यावर सोडून कसा येऊ? कोणी टायर काढून नेले तर? उषाला म्हणालो, रामरावकडे जाऊन थांब, मी आलोच.
एसटी गेली. तिची पिशवी माझ्या गाडीच्या डिकीतच राहिली.
दुपारी बैलजोडी लावून गाडी घरी आणली. वेशीपासून मुलं मागं मागं येत होती, माझ्या शाळेतलीच.

१३ जानेवारी, रविवार
औरंगाबादला जायचं होतं. पण कडूबा इंजिन खोलणार म्हणाला, मी समोर असणं आवश्यक. आतला एक एक भाग चिकट पिवळ्या सायीनं माखलेला. कडूबा म्हणाला, "एरंडेलानं वाटोळं केलं सर. मला तवाच वाटलं व्हतं." वाटलं होतं तर बोलायचं होतं. माणसं वेळेवर बोलत नाहीत, हेच आपल्या देशाचं दुखणं आहे.

२७ जानेवारी, रविवार
उषा आली. रामराव घेऊन आला. तिला आत निजवायला अंथरूण घातलं, पण ती चुलीकडेच गेली.
रामराव माझ्याजवळ ओसरीवर बसला.  मग म्हणाला, "दाजी, डॉक्टर म्हणले, आता कापून बी उपेग न्हाई. समदीकडं पसरलंय. पावसाळ्यात आणलं असतं तं काढून टाकता आलं असतं." मी विचारलं, मग आता? तो म्हणाला, "आता घरीच ठेवा म्हणले. खायला वाटंल ते द्या म्हणले."
  मनात म्हटलं, आता रामराव विचारणार, इतके दिवस काय करत होतात. पण त्यानंच माझा हात धरला आणि रडायला लागला. म्हणाला, "डॉक्टरनं अक्काला लई झापलं. इतकी मोठी गाठ, घरच्याला कशी दिसली न्हाई म्हणून. तवा अक्कानं सांगितलं, मीच लपवली. लाजंपायी घरात कोणापाशी बोलले न्हाई, ह्यांना तर आत्ता कळलं. तुम्ही तिच्यावर राग धरू नका दाजी. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय थांबले असते?"
मी त्याचा हात थोपटला. मग म्हणालो, बायका अशाच असतात, रामराव. अंगावर काढतात. एका शब्दानं बोलली असती, तर दुसऱ्या दिवशी नेली असती.
आतलं भांड्यांचं वाजणं थांबलं होतं. ती दारातच होती. डाव्या हातानं चहाचा एकेक कप आणून ठेवला, आधी रामरावचा, मग माझा. मी वर बघितलं नाही. म्हणाली, "घ्या. निवून राह्यला."