हॉलमधले नऊ डाग

प्रिय चिमणे,

तुझ्या हॉलमधला संगमरवर खरा कितीला पडला, ते तुला कधी सांगितलं नाही. दगडाचं जाऊ दे, तो जावईबापूंनी घेतला. पण सात वेळा घासणं, अकरा दिवस, माझ्या दोन कारागिरांचे गुडघे आणि तुझ्या आईचे टोमणे: "लोकांच्या घरात आरसे करा, आपल्या बाथरूमात शेवाळ!" म्हणून गेल्या महिन्यात तुझ्याकडे राहायला आलो आणि त्या आरशावर नाण्याएवढे नऊ फिके डाग दिसले, तेव्हा डोक्यात पहिल्या आल्या त्या तुझ्या कामवाल्या मावशी.

संशय उगाच नव्हता. टाइलवर टिचकी मारली की खाली पोकळ आहे का ते मला कानाने कळतं. लाकडी फरशीचे सांधे फुगले की फडकं न पिळता फिरवलंय, हे बघताक्षणी ओळखतो. आणि संगमरवराला आंबट सोसत नाही. थेंब पडला की तकाकी गेलीच, पुसून परत येत नाही. संडासाच्या ॲसिडची बाटली मावशींच्या बादलीशेजारीच असायची. मी त्यांचा पोछा हुंगला. बाटलीवर पेन्सिलीने खूण केली. चार दिवस ॲसिड खुणेखाली गेलं नाही, तर मनात म्हटलं, बाई बेरकी आहे, वरून पाणी घालत असणार!

मग तोंडी परीक्षा घेतली. बेडरूमची लाकडी फरशी कशी पुसता? "घट्ट पिळून, काका. थेंब गळला तर नाव बदला माझं." स्वयंपाकघरातल्या टाइलच्या फटी? "सोडा आणि जुना टूथब्रश." हॉल? "नुसतं साधं पाणी. आणि ॲसिडचं विचारणार असाल तर, नाही." प्रश्नाआधी उत्तर आलं, तिथेच माझा संशय पक्का झाला. त्यात दुसऱ्या दिवशी बाल्कनीत फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकलं, "काकांना कळू द्यायचं नाही, बरं का." झालं! तू म्हणालीस, बाबा, चार वर्षं आहेत त्या. मी म्हणालो, कान माझे आहेत. मावशींनी किल्ली टेबलावर ठेवली आणि तुला एवढंच म्हणाल्या, "सकाळी काकांजवळ एक कोरडं फडकं ठेवत जा." मी तो टोमणा समजलो. वर जावईबापूंना ऐटीत सांगितलं, दुकानातलं पॉलिशचं मशीन आणतो, एका हाताने धरून डाग काढून देतो.

घरी येऊन तीन आठवडे झाले. इथे कामाला कुणी नाही, फरशी मीच पुसतो, ॲसिड घरात ठेवत नाही. परवा माझ्या खुर्चीशेजारच्या संगमरवरी पट्टीवर तसेच डाग दिसले. त्या खुर्चीत मी रोज सकाळी लिंबूपाणी घेतो. तुझ्याकडेही घ्यायचो, स्वयंपाकघरातून भरून आणून हॉलच्या खिडकीपाशी. काल पेला उचलला आणि तोंडाकडे नेताना खाली बघितलं. चिमणे, हात थरथरतो. कधीपासून, ते मला ठाऊक नाही. मावशींना ठाऊक होतं. त्या माझ्या मागून पुसत होत्या, आणि मी मनाला लावून घेईन म्हणून मला कळू देत नव्हत्या.

हे पत्र त्यांच्यासाठी आहे. उद्याच त्यांच्या घरी जा आणि सगळं वाचून दाखव. पेन्सिलीची खूणसुद्धा गाळू नकोस. तू त्यांना काढल्याचं ऐकून वरच्या मजल्यावरच्या ज्या दोन घरांनीही त्यांना काढलं, तिथेही वाच. परत यायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. रविवारी मी येतो, माफी माझ्या तोंडाने मागेन. डाग काढायला मात्र दुसरा माणूस बघ. आज सकाळी दुकानात जाऊन मशीन चालू करून पाहिलं. दोन्ही हातांनीसुद्धा धरवलं नाही.

तुझाच,
बाबा